पेटीतलं सर्वात जाड पुस्तक

मला राग चांगला लिहिता येतो. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मासिक पत्रकात गेली आठ वर्षं मी रागच लिहितो आहे आणि संपादक तो छापतो, कारण बाकी कुणी वेळेवर काही लिहून देत नाही. आभार लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा मध्येच तोल जाऊन कुणाला चार शब्द सुनावले गेले, तर तेही आभारातच धरावेत.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात सहायक आहे. हंगामी होतो. हा हंगाम अकरा वर्षं चालला. एवढा लांब हंगाम कुठल्या पिकालाही मिळत नाही. त्या शुक्रवारी कार्यकारी मंडळ येऊन आमचा संगणक कक्ष पाहणार होतं आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार होतं. ग्रंथपालबाईंनी सोमवारी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "दोन नवे संगणक आलेत, ते जोडून टाका. चौदाच्या चौदा संगणकांवर पुस्तकांची यादी दिसली पाहिजे. मंडळाला तेवढंच बघायचंय. बाकी तुम्ही काही करू नका."

हे शेवटचं वाक्य बाई मला रोज ऐकवतात. त्यामुळे त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी मांडणीवर आमचा नेटवर्क स्विच आहे. नाव स्विच असलं तरी याने दिवा लागत नाही की पंखा फिरत नाही. सगळ्या संगणकांच्या तारा याच्यात येऊन घुसतात आणि कुणाचं बोलणं कुणाकडे धाडायचं ते हा ठरवतो. आम्ही त्याला पेटी म्हणतो. पेटीबद्दल मला जे येतं ते मी स्वतः शिकलो. रद्दीत आलेलं एक पुस्तक होतं, त्याची पहिली चाळीस पानं कुणीतरी फाडून नेली होती. म्हणजे पेटी मुळात सुरू कशी होते हा भाग सोडला, तर मला सगळं येतं. पदवीवाल्यांना हे झोंबतं. झोंबू दे.

आता पेटीला स्मृती असतात दोन. एक फळ्यासारखी. आज केलेली मांडणी तिथे खडूने लिहिलेली असते. वीज गेली की फळा कोरा. दुसरी वहीसारखी. तिच्यात उतरवून ठेवलं की वीज जावो नाहीतर जग बुडो, पेटी पुन्हा सुरू झाल्यावर वही उघडते, वाचते आणि मुकाट कामाला लागते. तेव्हा आधी फळ्यावर लिहायचं, मग वहीत उतरवायचं. यात काही शास्त्र नाही. मंगळवारी सकाळी मी दोन नवे संगणक फळ्यावर लिहिले, वहीत उतरवायला गेलो, तर पेटी म्हणते, जागा नाही.

वहीत एवढं भरलंय तरी काय म्हणून पाहिलं. नऊ वर्षांत पेटीला हात लावणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने जाताना मांडणीची एकेक प्रत मागे ठेवली होती. नावं वाचण्यासारखी होती. 'जुने'. 'जुने-दोन'. 'कामाचे'. 'हेच-वापरा'. 'हेच-वापरा-नवे'. 'हे-वापरू-नका'. आणि एकाने तर 'पुसलंत-तर-बघा' असं नाव देऊन कायमचा निरोप घेतला होता. आमच्या घरच्या माळ्यावर हाच प्रकार आहे. तिथे एक पिशवी आहे जिच्यात फक्त पिशव्या आहेत, आणि तिला हात लावायचा अधिकार माझ्या बायकोने माझ्याकडून लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात काढून घेतला आहे.

पण या सगळ्या प्रती म्हणजे पातळ पुस्तिका. त्यांच्या मधोमध एक महाग्रंथ ठाण मांडून बसला होता, एकट्याने नव्वद टक्के जागा अडवून. नाव म्हणजे नुसती अक्षरं, आकडे आणि टिंबं. लेखक कोण, पत्ता नाही. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, आणि त्यानंतर त्याला कुणी बोट लावल्याची खूण नाही.

इथे ग्रंथालयातल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगायला हवं. कपाट भरलं की पुस्तकं बाद करावी लागतात, आणि कुठलं बाद करायचं याचा आमच्याकडे नियम आहे: सर्वात जास्त जागा खाणारं आणि सर्वात जास्त वर्षं कुणी न मागितलेलं. पातळ कवितासंग्रह काढून काही मिळत नाही, दहा काढले तरी बोटभर फट पडते. कोशाचा एक सुटा खंड काढला की वीतभर जागा. अकरा वर्षं मी हा नियम डोळे मिटून पाळतो आहे. महाग्रंथ त्यात तंतोतंत बसत होता. मी तो बाद केला.

जागा मात्र मोकळी होईना. आमच्या ग्रंथालयात बाद झालेली पुस्तकं वर्षभर मागच्या खोलीत पडून असतात, कुणाचा विचार बदललाच तर असावीत म्हणून. पेटीतही तीच सोय निघाली. पुसलेलं ती लगेच फेकत नाही, बाजूला ठेवते. माझ्या पुस्तकात दोनशे बाराव्या पानावर ते पिळून काढायची आज्ञा सापडली. मी आज्ञा दिली. पेटीने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिने पुन्हा विचारलं. अकरा वर्षांच्या नोकरीत मला एकच गोष्ट दोनदा कुणी विचारलेली नाही. मी खूश होऊन दोन्ही वेळा हो म्हटलं.

आणि काय सांगावं, सगळं झकास चालू राहिलं. दिवे हिरवेगार, चौदाही संगणकांवर यादी. मी हात झटकत वाचनकक्षात गेलो, कारण केलेलं काम चार माणसांना सांगितल्याशिवाय ते झालंसं मला वाटत नाही.

वाचनकक्षात सकाळी दोन माणसं हमखास असतात. एक कर्नल. हे सैन्यात कधी नव्हते. मिशा आहेत आणि बातम्या मोठ्याने वाचायची सवय आहे, एवढ्यावर ते पद मिळालंय. दुसरे एक्स्चेंजकाका. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मध्ये बोलत नाहीत.

"काय लेखक, आज फार खुशीत?" कर्नलनी विचारलं.

"पेटी साफ केली. नऊ वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. नव्वद टक्के जागा मोकळी."

काकांनी पेपराच्या वरून पाहिलं. "काय काढलंत?"

मी चिठ्ठीवर लिहून घेतलेलं नाव दाखवलं. काकांनी ते वाचलं आणि पेपराची घडी घातली. अग्रलेख अर्धा राहिला होता. काकांनी अग्रलेख अर्धा सोडलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"वीज लागली की पेटी काय वाचून उठते?" काकांनी विचारलं.

"वही."

"वही वाचायला आधी उठावं लागतं ना. डोळे कसे उघडायचे, वाचायचं कसं, हात कुठले नि पाय कुठले, हे ज्यात लिहिलंय ते तुम्ही काढलंत."

"पण चालू आहे की ती."

"जागी आहे म्हणून चालू आहे. मागच्या वेळी उठताना तिने ते सगळं पाठ करून घेतलंय. एकदा झोपली की उठणार नाही."

"मग झोपू द्यायची नाही," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"नाही द्यायची. वीज जाऊ देऊ नका, म्हणजे झालं."

नेमक्या त्या क्षणी कर्नलनी चौथं पान उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी दहा ते दुपारी दोन वीजपुरवठा बंद राहील. अरे, हा तर आपलाच रस्ता."

बाईंना सांगणं भाग होतं. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एकच प्रश्न विचारला. "मंडळाच्या ठरावाशिवाय बाद केलंत?"

"बाई, ते पुस्तक नव्हतं."

"जागा अडवत होतं, कुणी मागत नव्हतं, म्हणून काढलंत. मग पुस्तक नाही तर काय?" त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. नवी पेटी हवी तर मंडळाची मंजुरी, तीन ठिकाणचे भाव, तीन महिने. शुक्रवारला उरले होते तीन दिवस. मग त्यांनी फाईल उलटी पालटी करून एका पावतीवर बोट ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी एकाच अनुदानातून, एकाच दिवशी, अगदी एकसारख्या दोन पेट्या आल्या होत्या. एक आमच्याकडे. दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयात.

"तुमच्या त्या मित्राकडे," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

हा मित्र म्हणजे डिप्लोमा. त्याला हे नाव मीच ठेवलं. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गात साठ माणसांसमोर तो म्हणाला होता, "ज्यांचं शिक्षण झालेलं नाही त्यांनी पेटीला हात लावू नये." बघितलं माझ्याकडेच, असं माझं आजही म्हणणं आहे. मी घरी येऊन 'गाढव आणि पदविका' नावाचा लेख लिहिला. माझ्या सगळ्या लेखनात तोच लेख लोकांना पाठ आहे. त्यात नाव कुठेही नव्हतं. पण चष्म्याचा रंग होता, स्कूटरचा आवाज होता आणि टक्कल किती बोटं मागे सरकलंय तेही होतं.

त्याच्याकडे जायचं नाही हे मी जागच्या जागी ठरवलं.

संध्याकाळी बातमी घरी माझ्याआधी पोचली होती. वरचे शेजारी जिन्यातच म्हणाले, पेटी बंद करून लगेच चालू करून बघा, आमच्या टीव्हीला तेच लागतं. समोरच्या वहिनींनी त्यांच्या भावाचा नंबर दिला. भाऊ फ्रिज दुरुस्त करतो, पण हुशार आहे म्हणे. खालच्या आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुला कुणी सांगितलं होतं?" जगातली सगळी तत्त्वज्ञानं शेवटी या एका प्रश्नावर येऊन थांबतात.

बायकोने ताट वाढलं. "अहो, सरळ त्या डिप्लोमाकडे जा ना."

"मेलो तरी जाणार नाही."

"मेल्यावर कायम करत नाहीत," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

बुधवारी सकाळी मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीत एक थकलेले गृहस्थ होते. म्हटलं, गुरुवारचं काम चार दिवस पुढे ढकला. ते म्हणाले, "त्याचा अर्ज असतो. बंदच्या सात दिवस आधी द्यायचा."

"पण तुमची सूचनाच बंदच्या दोन दिवस आधी छापून आली."

"हो."

"म्हणजे मला कळायच्या पाच दिवस आधी मी अर्ज करायला हवा होता."

"बरोबर," ते म्हणाले. "नियम मी केलेला नाही."

मी एरवी इथे आवाज चढवला असता, आणि चढवलाही थोडासा. पण त्या माणसाने तो ऐकून घेतला, खिडकीबाहेर वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "रस्त्याच्या कुठल्या टोकाला आहात? वाचनालय ना? लाईनमन वरच्या टोकापासून सुरू करतात. मी त्यांना सांगतो, सावकाश या. तुमच्याकडे पोचायला सव्वाअकरा होतील. याहून जास्त माझ्या हातात नाही." सव्वा तास. कुणाच्या हातात किती असतं ते माणूस बोलायला लागेपर्यंत कळत नाही. त्याचं नाव मी विचारलं नाही, हे माझ्या वागण्याला धरूनच झालं. पहिले आभार त्याचे.

मग पेटीच्या कंपनीला फोन. अर्धा तास बासरी ऐकवून एक गोड आवाज आला आणि करार क्रमांक मागितला. करार सहा वर्षांपूर्वी संपलेला. मग नवा करार करा म्हटलं, तर म्हणे चालू यादीतल्या यंत्रांचाच होतो, आणि तुमचं यंत्र आमच्या नोंदीत मयत आहे.

"मयत नाही हो. माझ्यासमोर दिवे लावून बसलंय."

"नोंदीप्रमाणे मयत आहे, सर. आणखी काही मदत करू का?"

फोन ठेवून मागे वळलो तर सफाईवाल्या मावशी पेटीजवळ वाकल्या होत्या. त्यांची चहाच्या पाण्याची किटली लावायचा प्लग तिथेच आहे, आणि तो लावायला त्या गेली चार वर्षं रोज काहीतरी उपटतात. मी झेप घेतली. जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा आडवा आला, त्यावरून मी आडवा झालो आणि दोन्ही हातांनी प्लग धरून पडलो.

"मी पंख्याचा काढत होते," मावशी म्हणाल्या. "तुमचा नाही काढत मी कधी. त्या पेटीवर 'हात लावू नये' लिहिलंय ना." वर पाहिलं. लिहिलं होतं. नऊ वर्षं ती चिठ्ठी तिथे होती आणि सगळ्या इमारतीत ती पाळणाऱ्या मावशी एकट्या होत्या. शिकलेले आम्ही सगळे येताजाता हात लावत होतो. त्यांनी स्टूल आणून दिलं, त्यावर बसून मी गुडघा चोळला आणि मग जे करायचं नव्हतं ते करायला निघालो.

डिप्लोमाच्या टेबलावर काच आहे. काचेखाली त्याच्या मुलीचा फोटो, बसचं वेळापत्रक आणि पिवळा पडलेला एक कागद. मी उलटा वाचला. 'गाढव आणि पदविका'.

"ते गाढव मीच," तो म्हणाला. "बसा."

मी बसलो. चार वाक्यं घरून पाठ करून आणली होती, ती सगळी माझी चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी होती. काचेखालचा कागद पाहिल्यावर एकही आठवेना. मी सरळ सगळं सांगितलं. महाग्रंथ, बाद करायचा नियम, दोनशे बारावं पान, दोनदा विचारलेलं नक्की.

"पिळूनही काढलंत?"

"निक्षून."

तो हसला नाही. हसला असता तर मी उठलो असतो, हे त्याला कळलं असावं. त्याने आंतरग्रंथालय देवघेवीचा फॉर्म पुढे सरकवला. एका ग्रंथालयाने दुसऱ्याला पुस्तक उसनं द्यायचं असलं की हा भरावा लागतो. "आमच्या साहेबांच्या सहीशिवाय इथून कागदाचा कपटाही बाहेर जात नाही, आणि फाईल म्हटलं तर ते घाबरतील. पुस्तक म्हणू." मग त्याने स्वतःच लिहिलं. ग्रंथाचे नाव: अक्षरं, आकडे, टिंबं. लेखक: अज्ञात. स्थिती: उत्तम. मुदत: सात दिवस. "साहेब उद्या दहाला येतात. सही झाली की पेन ड्राईव्ह घेऊन जा. पुढचं तुम्हाला येतंच."

इथे मी गप्प बसलो असतो तर बरं दिसलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मला येत नाही."

हे तीन शब्द मी याआधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. बायकोलाही नाही, तिला ते न सांगता कळतं. "काढायचं कसं ते पुस्तकात होतं. भरायचं कसं ते पहिल्या चाळीस पानांत असणार."

"मग मीच येतो," तो म्हणाला. जणू मी पत्ता विचारला होता.

गुरुवारी दहा वाजता आमच्या खोलीत गर्दी जमली. पेटीला जोडलेला एक जुना यूपीएस आहे. त्यावर चाळीस मिनिटं असं छापलंय. काकांनी त्याची फुगलेली बॅटरी पाहून सांगितलं, "अकरा धरा." कर्नलनी सगळे पंखे, दिवे आणि चौदाही संगणक बंद करायचा हुकूम सोडला. यूपीएसला फक्त पेटी जोडलेली होती, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण कर्नलच्या हातात एवढी वर्षं कुणी हुकूम दिला नव्हता, म्हणून आम्ही सगळं बंद केलं. साडेदहा झाले. डिप्लोमाचा पत्ता नाही. पावणेअकरा. मी मनात 'गाढव आणि पदविका, भाग दोन' लिहायला घेतला. दोन परिच्छेद झाले, तिसरा सुचत होता, एवढ्यात त्या स्कूटरचा आवाज आला. हा आवाज मी लेखात फुटक्या पिपासारखा म्हटला होता. त्या दिवशी तो कानाला इतका गोड लागला की काय सांगू.

"साहेबांना 'अज्ञात' चालेना," तो लॅपटॉप उघडत म्हणाला. "शेवटी 'संपादक मंडळ' लिहिलं. मग सही केली."

त्याने तार जोडली, नव्या मांडणीला बोटभर फट राहावी म्हणून आधी 'जुने' आणि 'जुने-दोन' पुसून पिळून काढले, मग काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर उद्गारचिन्हं उमटायला लागली. एकामागून एक, ओळीच्या ओळी. फाईलचा तुकडा आत गेला की पेटी एक उद्गारचिन्ह काढते, असं तो म्हणाला. मी लेखनात त्या चिन्हाचा कट्टर विरोधक आहे. त्या दिवशी एकेक मोजत होतो.

सव्वाअकराला वीज गेली. लाईनमन शब्दाला जागले, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. यूपीएस किंचाळायला लागला. डिप्लोमाच्या लॅपटॉपला त्याची बॅटरी होती, पेटीला ती फुगलेली. काका मनगटावरच्या घड्याळात पाहून मिनिटं सांगत होते, छत्तीस वर्षांच्या सवयीने, आवाज न चढवता. "चार." चिन्हं चालू. "सहा." मावशींनी दारातून विचारलं, कुणाला पाणी हवंय का. मग त्याच ग्लास घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "आठ." बाई कधी आल्या कळलं नाही; बाद पुस्तकांची नोंद होते ती वही छातीशी धरलेली. "नऊ." चिन्हं थांबली. पडद्यावर आलं, पूर्ण. मी खाली बसलो, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावरच. कर्नलनी टाळी वाजवली.

डिप्लोमा तपासणी करत होता. मान न वळवता त्याने विचारलं, "ते दोन नवे संगणक वहीत उतरवलेत ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. ज्या कामासाठी मी जागा केली, जागेसाठी पेटीचा प्राण काढला, तो प्राण आणायला शहरभर फिरलो, ते काम तेवढं राहिलं होतं. मंगळवारी जागा मोकळी झाली आणि मी फुशारकी मारायला गेलो तो गेलोच.

"दहा," काका म्हणाले.

डिप्लोमा लॅपटॉपसमोरून बाजूला झाला. "हे तुम्हाला येतं," तो म्हणाला.

मी टाइप केलं. पेटीने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. तिने 'झालं' म्हटलं, आणि त्यानंतर एखादा श्वास गेला असेल, यूपीएसने शेवटची चीची केली आणि पेटीचे सगळे हिरवे दिवे एकदम विझले.  नऊ वर्षं ती खोली गुणगुणत होती हे ती गप्प झाल्यावर आम्हाला कळलं.

दोन वाजेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. डिप्लोमा खुर्चीत बसून आमची जुनी वर्तमानपत्रं वाचत होता. दोन वाजून पाच मिनिटांनी वीज आली. पेटीचा एक दिवा पिवळा लागला आणि पिवळाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. "वाचतेय," काका म्हणाले. "जाड पुस्तक आहे." चौथ्या मिनिटाला दिवे एकेक करून हिरवे झाले, नव्या दोघांचेही.

शुक्रवारी मंडळ आलं. यादी दिसली, माना हलल्या. मी सुटलो असं समजत होतो, तेवढ्यात अध्यक्षांनी टेबलावरची बाद पुस्तकांची वही उघडली. बाईंनी तिच्यात रीतसर नोंद केली होती. एक ग्रंथ, ठरावाशिवाय बाद. आंतरग्रंथालय देवघेवीने पुन्हा प्राप्त. आणि पुढे 'जबाबदार' या रकान्यात स्वतःची सही.

माझं डोकं फिरलं. "ही नोंद खोटी आहे," मी म्हटलं. "बाईंनी मला काही करू नका म्हणूनच सांगितलं होतं. त्या रोज सांगतात. जबाबदार मी आहे." आणि मग तारीखवार सगळं सांगितलं, पिळून काढण्यासकट. दाराच्या फटीतून कर्नलची अर्धी मिशी दिसत होती.

"अहो, मी निभावून नेत होते," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"वहीत खोटं लिहून?"

"तुम्हाला कुणी मदत करावी तरी कशी?" बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला, आणि कान लाल होईपर्यंत ऐकला.

अध्यक्षांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वही मिटली. "याला काढला तर नवा माणूस येईल," ते इतर सदस्यांना म्हणाले, "आणि हीच चूक तो पहिल्यापासून करेल. याची करून झालेली आहे." एवढीच चर्चा झाली. माझ्या आठ वर्षांच्या लेखनाचा कुणी उल्लेखही केला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मंगळवारी पत्र आलं. बायकोने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून माळ्यावरच्या त्या पिशव्यांच्या पिशवीत ठेवलं. तिथे ठेवलेलं काहीही आजवर हरवलेलं नाही. अकरा वर्षं मी फळ्यावर होतो; कुणीतरी वहीत उतरवलं.

बुधवारी मुदत संपत होती. मी पेन ड्राईव्ह घेऊन डिप्लोमाकडे गेलो.

"अहो, ही नुसती प्रत आहे," तो म्हणाला. "माझं माझ्याकडे आहेच. परत काय करताय?"

"मुदत आज आहे."

त्याने फॉर्मवर 'परत मिळाले' असा शिक्का मारला. मग मी वर लिहिलंय ते सगळं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, काच उचलली, पिवळ्या कागदाशेजारी हे कागद सरकवले आणि दोन्ही ताडून पाहिले.

"आधीचा जास्त चांगला होता," तो म्हणाला. "तुम्ही रागात बरं लिहिता."

मी ताडकन उठलो. जिना उतरेपर्यंत चार वाक्यं तयार झाली, चारही उत्तम. खालच्या पायरीवर पोचलो आणि लक्षात आलं की ज्यासाठी आलो होतो ते राहिलंच आहे. पुन्हा वर गेलो. तो फोनवर होता. फोन ठेवेपर्यंत दारात उभा राहिलो आणि मग त्याचे आभार मानले, तोंडाने, दोन शब्दांत.

तो मान हलवून म्हणाला, "वहीत उतरवा."

उतरवलं आहे.